सतरा नंबरचा बिल्ला

एकोणीस वर्षांत ‘घरगुती कारण’ हे दोन शब्द मी किती वेळा लिहिले असतील, सांगता येणार नाही. माझं अक्षर तसं गिचमिड. पण हे दोन शब्द मात्र पाटीवर रंगवून घ्यावेत इतके सुबक येतात. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘सोडण्याचे कारण’. त्यात मी हे लिहीत आलो. माणूस मॅनेजरच्या शिव्यांना कंटाळून गेलेला असो, प्रेसच्या उष्णतेनं हैराण होऊन गेलेला असो, की शेजारच्या गाळ्यात बरं काम मिळालं म्हणून. कागदावर सगळे घरच्या अडचणीनंच गेले. आमच्या कामगारांच्या घरांवर एवढी संकटं कोसळलेली पाहून एखाद्या ऑडिटरला तरी रडू यायला हवं होतं. कोणाला आलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, नोकरीतल्या गमती लिहा. गमती आहेत. त्या आधी सांगतो, कारण त्या सांगणं सोपं आहे.

वसई पूर्वेला रबराचे सील आणि रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. हल्ली याला एचआर म्हणतात. माणसं घ्यायची, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं बघायची, आणि ती निघाली की त्यांना समोर बसवून विचारायचं, ‘का बरं चाललात?’ या शेवटच्या प्रकाराला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. आमच्याकडे तो नव्हता. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे ऑडिटर आले, म्हणाले, रेकॉर्ड दाखवा. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि मागच्या दोन वर्षांत गेलेल्या सगळ्यांच्या मुलाखती एकट्यानं बसून लिहून काढल्या. संशय नको म्हणून दोन रंगांची पेनं वापरली. तिथून ती प्रथा सुरू झाली.

पुढे खऱ्या मुलाखतीही घ्याव्या लागल्या. चांदीपचा एक विठ्ठल होता. तो दर वर्षी भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, राजीनामा देई आणि आवणी उरकली की परत येई. त्याच्यापुरतं ‘घरगुती कारण’ शंभर टक्के खरं होतं. तिसऱ्या वर्षी तो मला म्हणाला, “साहेब, पुढच्या वर्षीचा पन आताच भरून ठेवा ना फॉर्म. चिखलाच्या पायांनी यायला बरं नाय वाटत.” पॅकिंगमधली एक मुलगी सासूला घेऊन आली. प्रश्न मी सुनेला विचारायचे आणि उत्तरं सासूनं द्यायची. शेवटी सासू म्हणाली, “हिचं झालं असेल तर माझ्यासाठी काही काम आहे का बघा.” एकानं कॅन्टीनच्या उसळीबद्दल बत्तीस तक्रारी लिहून आणल्या होत्या, नंबर घालून. एकानं केवळ आपल्याला कोणी थांबवतं का हे बघायला राजीनामा दिला. कोणी थांबवलं नाही. तो माझ्यासमोर बसून रडला, आणि मी लिहिलं, घरगुती कारण.

विरारला आमच्या सोसायटीतली मुलं मला जिन्यात गाठून विचारत, “काका, उद्या एक्झिट इंटरव्ह्यू आहे, काय बोलू?” मी सांगायचो, गोड बोल, कमी बोल आणि हसून ऊठ. कारण मला आतली गोष्ट माहीत होती. मुलाखतीच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला एक वाक्य ऐकवायचो: “या खोलीत बोललेलं या खोलीबाहेर जात नाही.” माणूस त्या वाक्यावर विसंबून मन मोकळं करायचा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो कागद मॅनेजरच्या टेबलावर असायचा.

ते वाक्य मी एकाच माणसाच्या बाबतीत पाळलं. नेमकं तिथंच ते मोडायला हवं होतं.

त्यांचं नाव इनास. वसईच्या पश्चिमेला, निर्मळकडच्या गावातले. ख्रिस्ती, घरची छोटी वाडी, केळी आणि भाजी. कारखान्यात ते सेटर होते. सेटरचं काम थोडक्यात सांगतो. रबर एका लोखंडी साच्यात घालून तापलेल्या प्रेसमध्ये दाबतात. साच्याला आम्ही डाय म्हणतो. ती डाय प्रेसमध्ये नीट बसवणं, बोल्ट आवळणं, हे सेटरचं. नंतर प्रेस चालवतो तो ऑपरेटर. त्याला पाना लागत नाही, त्यानं तो हातात घ्यायचाही नसतो.

तीन वर्षांपूर्वी इनासकाकांनी निवृत्तीच्या थोडं आधी काम सोडलं. मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, रविवारी मिस्साला जातात तसे. हातात वेलची केळ्यांची फणी. ती टेबलावर ठेवून खुर्चीच्या टोकावर बसले.

“का सोडताय काका?”

“गुडगे.”

“कंपनीबद्दल काही तक्रार?”

“नाय.”

“आणखी काही सांगायचंय?” हा माझा शेवटचा प्रश्न. हा विचारताना मी पेनाला टोपण लावत असे.

ते उठले, दार लोटून घेतलं आणि परत बसले. “सायब, दत्ताराम आठवतो?”

मी टोपण लावलं नाही.

“ती डाय फुटली ती दत्तारामानं नाय फोडली. पाना माझा होता. सकाळच्या पाळीत डाय बसवली, पाना मधीच राहिला. मी घरी गेलो. दत्ताराम दुसऱ्या पाळीला आला, त्यानं प्रेस मिटवला.” त्यांनी टेबलावरची फणी जरा बाजूला सरकवली. “मना दोन दिवसांनी कळला की पाना माझाच. पोरी लहान होत्या. मी बोललो, दत्तारामाला वॉर्निंग देतील, आनि काय. तुमी त्याला काडूनच टाकला.”

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट होती ती तेव्हा. दत्ताराम आमचा ऑपरेटर, नायगावला राहणारा, मूळचा महाडकडचा. नवी डाय, हातभर लांबीचा पाना आत राहिलेला, प्रेस मिटला आणि डाय उभी चिरली. सुदैवानं माणूस दुखावला नाही. चौकशी झाली, हलगर्जीपणाचा ठपका आला आणि दत्ताराम गेला. चौकशी मी केली होती.

“एक गोष्ट मना आजून कळली नाय,” इनासकाका म्हणाले. “माझा बिल्ला. पाना परत केला नाय, तरी दुसऱ्या दिवशी बिल्ला माझ्या जागेवर. तो आला कसा?”

हे वाचकांना कळायला हवं म्हणून सांगतो. टूल स्टोअरमध्ये भिंतीवर एक मोठी फळी होती, प्रत्येक हत्यारासाठी एक खुंटी. प्रत्येक कामगाराच्या नंबराचा एक पितळी बिल्ला. हत्यार न्यायचं तर आपला बिल्ला त्या खुंटीला अडकवायचा. हत्यार परत केलं की बिल्ला काढून फळीवरच्या आपल्या नंबराच्या जागेवर ठेवायचा. म्हणजे कोणती वस्तू कोणाकडे आहे हे फळीकडे बघून कळे. ना वही ना सही. इनासकाकांचा बिल्ला सतरा नंबरचा.

“तो आला कसा सायब?”

“स्टोअरवाल्याची चूक झाली असेल,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. डाय फुटली त्याच संध्याकाळी स्टोअरकीपर माझ्याकडे आला होता. म्हणाला, “साहेब, जरा फळी बघता का?” मी जाऊन बघितलं. मोठ्या पान्याच्या खुंटीवर सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता. तो जरासा हलत होता, कारण शेजारून पंख्याचा वारा येत होता. एवढं मला आठवतं. मी तो खुंटीवरून काढला आणि स्टोअरकीपरच्या हातात दिला. म्हटलं, “हा इनासच्या जागेवर ठेवा.” त्यानं माझ्याकडे बघितलं. ठेवला.

का, ते सांगतो. दत्ताराम अर्ज करणारा माणूस होता. प्रेसच्या हॉलमध्ये तापलेल्या रबराचा धूर कोंडायचा. त्यासाठी मोठा पंखा बसवा म्हणून तो दर महिन्याला सुवाच्य अक्षरात अर्ज देई, खाली ‘आपला नम्र’. मॅनेजर त्याला ‘अर्जवाला’ म्हणत. त्या दुपारी मॅनेजर डायकडे बघत एवढंच म्हणाले होते, “अर्जवाल्याची पाळी होती ना?” बिल्ला लपव असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तसा इशाराही कोणी केला नव्हता. माझं मीच ओळखलं. नोकरीचं पाचवं वर्ष होतं आणि न सांगता ओळखणारा माणूस अशी माझी ख्याती होत होती.

चौकशीत दत्ताराम म्हणाला, “मी पाना आणलाच नाही. फळी बघा, खुंटीला कोणाचा बिल्ला आहे ते बघा.” आम्ही सगळे फळीपाशी गेलो. खुंटी रिकामी. पाना नाही, बिल्लाही नाही. मी चार्जशीटमध्ये दुसरा मुद्दा वाढवला: बिल्ला न अडकवता हत्यार नेले. जो बिल्ला त्याला वाचवणार होता, त्याच्या रिकाम्या जागेनं त्याला अडकवलं. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

तर असा मी, आणि माझ्यासमोर पांढऱ्या शर्टातले इनासकाका. अकरा वर्षं त्यांना वाटत होतं की हे एकट्या त्यांनाच ठाऊक आहे. ‘काका, मलाही ठाऊक होतं, तुमच्याही आधीपासून’ एवढं बोललो असतो तरी त्यांचं निम्मं ओझं उतरलं असतं. मी बोललो नाही. उलट चेहरा गंभीर केला, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “झालं गेलं काका. सांगितलंत, बरं केलंत. हे या खोलीबाहेर जाणार नाही.”

त्यांनी वर बघितलं. “आता तुमी बगाल ना?”

“बघतो,” मी म्हणालो.

ते गेले. मी फॉर्म ओढला. गुडघे हे कारण खरं होतं, पण हात सवयीनं चालला. घरगुती कारण.

केळी घरी नेली. बायको म्हणाली, काय गोड आहेत. मी खाल्ली नाहीत. त्यापलीकडे मी काहीही केलं नाही, तीन वर्षं. मनाशी मात्र एक सोयीचं समर्थन तयार केलं होतं. ख्रिस्ती माणूस, कुमसाराची सवय. फादरपुढं पाप सांगतात तसं त्यांनी मला सांगितलं. फादर कधी बाहेर बोलतो का? मग मी कसं बोलणार? दिलेला शब्द आहे. असा मी स्वतःला फादर करून घेतला आणि गप्प राहिलो.

या वर्षी कंपनीनं कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं. मी त्रेपन्न वर्षांचा, विरार सोडून जायची इच्छा नाही. मी राजीनामा दिला. माझी मुलाखत घ्यायला प्राजक्ता बसली, मीच तयार केलेली माझी मदतनीस. तिनं लॅपटॉप उघडला आणि डोळा मिचकावत म्हणाली, “सर, कारण काय टाकू? घरगुती?”

आम्ही दोघं हसलो. मग तिनं माझ्याच पद्धतीनं, माझ्याच आवाजात सांगितलं, “सर, इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही.” मी पुन्हा हसायला गेलो. हसू आलं नाही. समोरच्या खुर्चीतून ते वाक्य कसं ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं. किती उबदार वाटतं ते. माणूस का बोलून जातो ते कळलं.

“आणखी काही सांगायचंय?” प्राजक्तानं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. बिल्ला, फळी, पंख्याचा वारा, इनासकाका. तिनं टाइप करणं मध्येच थांबवलं होतं. माझं संपल्यावर म्हणाली, “सर, हे मी लिहू?”

“लिही.”

“लिहिलं तर वर जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि मग? वर कोणी वाचणार नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. तुम्ही काय करणार याचं?”

“बघतो,” मी म्हणालो.

तिनं लॅपटॉप अर्धवट मिटला. “कधी?”

एकोणीस वर्षांत समोर बसलेल्या एकाही माणसानं मला हा शब्द विचारला नव्हता. म्हणून जिन्यात गाठणाऱ्या मुलांना मी आता वेगळं सांगतो. गोड बोला, कमी बोला, ते ठीक आहे. पण जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि ज्यानं कोणाचं तरी भलं होणार आहे, ते बोला. लेखी द्या, प्रत ठेवा. आणि समोरचा ‘बघतो’ म्हणाला, की उठू नका. कधी, ते विचारा.

प्राजक्तानं माझा जबाब छापला, मी दोन प्रतींवर सही केली. एक फाइलला. एक घेऊन मी रविवारी इनासकाकांकडे गेलो.

ते पडवीत बसून केळीच्या सोपटानं अळूच्या जुड्या बांधत होते. गुडघ्यांना गरम पट्टे. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. आणि जे तीन वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते तिथं बोललो: बिल्ला मी काढला होता. मला माहीत होतं.

ते ऐकून त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली, बाजूला ठेवली. म्हणाले, “म्हंजे तो बिल्ला तुमी...” आणि हातातलं सोपट खाली टाकलं. “मी सायब, त्या बिल्ल्यासाठी चौदा वर्षं डोकं खाजवला.”

“काका, तुम्ही विश्वासानं सांगितलंत, कुमसारासारखं. म्हणून मी कोणाला...”

“कुमसार?” त्यांनी मला मध्येच तोडलं. “कुमसार मी फादरकडं केला होता, तुमच्याकडं यायच्या आधी. फादर बोलले, इनास, देव माफ करील, पन त्या मानसाचा नाव साफ कर. ज्याच्या हातात आहे त्याला जाऊन सांग. म्हनून तं मी आलतो तुमच्याकडं. शर्ट इस्त्री करून.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मना वाटला, ऑफिसचं काम, टाईम लागत आसंल. फोनची वाट बगितली. पोरीला विचारायचो, ऑफिसातून कोनाचा फोन?”

अळूच्या देठांचं पाणी फरशीवर ओघळत होतं.

“दत्तारामाकडं गेलतो मी दोनदा,” ते म्हणाले. “नायगावला वॉचमन आहे तो, टॉवरवर. मना बगून खूश झाला. ‘इनासकाका, बसा, चा प्या.’ चा पिऊन आलो, दोनी वेळा. तोंडातून सबूद नाय फुटला.” मग आत वळून त्यांनी मुलीला हाक मारली, “माझा पांडरा शर्ट दे गो.” आणि मला म्हणाले, “मी येतो. पन बोलाल तुमी.”

रिक्षा करून गेलो. खाडीच्या बाजूला नवे टॉवर उभे आहेत, त्यातल्या एकाच्या फाटकावर दत्ताराम होता. केस पांढरे झालेले, गणवेश मात्र कडक. “अरे, काका!” म्हणून हसत पुढं आला. मग मागे मी दिसलो. तो सवयीनं ताठ उभा राहिला, आणि मग, आता उभं राहायची गरज नाही हे आठवल्यासारखा, परत खुर्चीत बसला.

“रजिस्टर भरा,” म्हणाला. “सगळ्यांना भरावं लागतं.”

नाव, कोणाकडे, कारण, आत, बाहेर. पाच रकाने. मी ‘कारण’खाली लिहिलं, ‘भेट’. इनासकाकांनी खाली वाकून सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, ‘माफी’. दत्तारामनं ते उलटं वाचलं आणि म्हणाला, “काका, हे काय?”

मी सांगितलं. मध्येच एक गाडी आली. तो उठला, फाटक उघडलं, सलाम केला, फाटक लावलं, परत आला.

“परत सांगा. पहिल्यापासून.”

मी परत सांगितलं.

“बिल्ला खुंटीवर होता?”

“होता.”

“तुम्ही स्वतः बघितलात? डोळ्यांनी?”

“माझ्या हातानं काढला.”

“सतराच? सत्तावीस नाही? सत्तावीस माझा.”

“सतराच.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, कोणाला फोन लावतोय. त्यानं फोटो उघडले आणि फोन आमच्यासमोर धरून बोटानं वर सरकवू लागला. गॅसचं बटण. घराचं कुलूप. गॅसचं बटण. गॅसचं बटण. नळ. कुलूप. गॅसचं बटण.

“रोजचे,” तो म्हणाला. “ड्युटीवर निघताना काढतो. नाहीतर अर्ध्या रस्त्यातून परत जावं लागतं, बंद केला की नाही बघायला. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा आपली मांजर भरवशाची.” तो थोडा हसला. “साहेब, पहिलं वर्षभर मी सगळ्यांना सांगायचो, मी नाही ठेवला पाना. मग वाटायला लागलं, एवढे शिकलेले लोक सांगतायत, कागदावर लिहून देतायत, तर ठेवला असेल. मग मला तो ठेवताना दिसायला लागला. ह्या हातात. अजून दिसतो. मशीनचं काम दोन ठिकाणी आलं होतं, मीच गेलो नाही. म्हटलं, कोणाचा तरी हात जाईल माझ्या विसरण्यानं.”

मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्याची नोकरी घेतली. नोकरी त्यातली लहान गोष्ट होती.

इनासकाका रडत होते. दत्तारामनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, तुम्ही घाबरलात. तुमच्या जागी मी पण घाबरलो असतो.” मग माझ्याकडे वळला. “तुम्ही कशाला घाबरलात?”

“मला कोणी काही सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो.

“तेच विचारतोय.”

मी खिशातला जबाब काढून त्याला दिला. सहीसकट. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या, घडी घातली, वरच्या खिशात ठेवला. मी म्हणालो, “दत्ताराम, मला माफ करा.” मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा अहो म्हणत होतो.

“ते बघू,” तो म्हणाला. कधी, हे विचारायचा हक्क मला नव्हता.

आम्ही निघालो, तेव्हा त्यानं हाक मारली. “साहेब, आउट टाइम.” मी मागे फिरलो. त्यानं रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि ‘भेट’ या शब्दावर बोट ठेवलं. “हे खोडा. खरं कारण लिहा. सोसायटीचा सेक्रेटरी रोज वाचतो हे.”

पेन हातात घेतलं, तर सवयीनं जे अक्षर सुबक येतं ते आलं नाही. गिचमिड आलं. रकाना लहान होता, शब्द बाहेर गेले, शेजारच्या रकान्यांवर चढले. ‘प्रेसमध्ये पाना दत्ताराम यांनी ठेवला नव्हता. ते मला त्याच दिवशी माहीत होते. हे सांगण्यासाठी आलो.’ खाली सही.

दत्तारामनं ते एकदा मनात वाचलं. मग मोबाइल काढला, रजिस्टरवर सावली पडू नये म्हणून जरा बाजूला सरकला आणि फोटो काढला. बायकोला पाठवला. लगेच फोन लावला. “पोचला का? बघ. नाही, गॅस नाही, दुसरं आहे. वाच.” तो थांबला. “मनात नको. मोठ्यानं वाच.”

इनासकाकांचा हात धरून मी त्यांना फाटकाबाहेर आणलं, रिक्षाला हात केला. मागे वळून बघितलं तर तो तसाच उभा होता, फोन कानाला गच्च लावून, डोळे मिटून. आणि म्हणत होता, “परत एकदा.”